एकच औषध, तीन नावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्याचं औषधांचं स्टोअर मी सांभाळतो. मुदत संपलेल्या औषधांचं खोकं भरायचं आणि त्याच आठवड्यात तीच औषधं नव्यानं मागवली जायची. जीव तुटायचा.

कारण कळलं ते रजिस्टर घेऊन बसल्यावर. सिस्टर कन्नडात लिहायच्या, कंपाउंडर मराठीत, बिलावर कंपनीचं इंग्रजी नाव. पॅरासिटामॉल ५०० तीन पानांवर! एका पानावर शून्य दिसलं की ऑर्डर जायची.

मी प्रत्येक औषधाला मूळ नावानं एक नंबर दिला, तोच रॅकवर ठळक चिकटवला. आकडा सगळ्यांनाच वाचता येतो. एक्सेलमध्ये चारच रकाने: नंबर, शिल्लक, महिन्याचा खप, मुदत. आधी मुदत संपणारा डबा पुढे. खर्चाच्या क्रमानं यादी लावली तर मोजकीच औषधं निम्म्याहून जास्त पैसा खात होती. त्यांची मोजणी आता दर शनिवारी, बाकीची महिन्यातून एकदा.

मात्र सर्पदंशाचं इंजेक्शन या हिशोबात बसवायचं नाही. महिनोन् महिने खप शून्य, म्हणून एक्सेल सांगतं मागवू नका. पण आमच्याकडे पावसाळ्यात शेतात घोणस, फुरसं निघतं, आणि विष भिनलं असेल तर सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. त्याचा किमान साठा डॉक्टरांनी ठरवून दिलाय. त्याखाली मी जाऊ देत नाही.

परवा सिस्टरांनी दारातूनच हाक मारली, "दादा, सत्तेचाळीस संपत आलंय बघा."