बायोसमध्ये एएचसीआय केलं आणि विंडोज १० उठेना?

बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणारी मशीनची सेटिंग) साटा कंट्रोलर, म्हणजे डिस्क मशीनला जोडणारा भाग, रेड (अनेक डिस्क एकत्र वापरायचा मोड) किंवा आयडीई (जुना मोड) वरून एएचसीआय (नवा मोड) वर नेला की निळी स्क्रीन येते: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. लगेच फॉरमॅट करायला घेऊ नका. बायोसमध्ये जुना मोड परत लावा, बहुतेक वेळा विंडोज पूर्वीसारखं सुरू होतं. पार्टिशन जागेवरच असतात, फक्त नव्या मोडचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) सुरुवातीला लोड होत नाही.

मग असं करा:

१. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'एमएसकॉन्फिग' उघडा. बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'वर टिक करा, खाली 'मिनिमल' ठेवा. म्हणजे विंडोज सेफ मोडमध्ये, मोजक्याच ड्रायव्हरवर उघडेल.
२. रीस्टार्ट करून विंडोज सुरू होण्याआधीच बायोसमध्ये शिरा, एएचसीआय निवडा, सेव्ह करा.
३. सेफ मोड उघडला की ड्रायव्हर आपोआप बसतो. इथे पिन कधीकधी चालत नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आधीच आठवून ठेवा. (माझी अर्धी संध्याकाळ यातच गेली.)
४. पुन्हा एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ती टिक काढा आणि रीस्टार्ट करा. हे विसरलात तर मशीन दरवेळी सेफ मोडमध्येच उघडेल.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा क्रमांक, आधी कागदावर उतरवा. ४८ आकडे आहेत, नीट तपासून लिहा.

आणि दोन-तीन डिस्क जोडून खरोखरच रेड केलेलं असेल, तर या सेटिंगला हातही लावू नका. तिथे नंतर विंडोजने डिस्क 'इनिशियलाइझ' (नव्याने तयार) करू का विचारलं, तर उत्तर 'नाही'च.