थंडीत सकाळी गाडी उठत नाही? तयारी आदल्या संध्याकाळपासून

निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. त्याच पहाटे तालुक्यातल्या कितीतरी अंगणांत सेल्फची घरघर चालू असते आणि गाडी काही उठत नाही. दुपारी तीच गाडी फिटरकडे नेली की अर्ध्या सेल्फात चालू होते. फिटर म्हणतो, हिला काही झालेलं नाही, आणि तो खोटं बोलत नसतो. गार इंजिनाचं दुखणं गार इंजिनातच दिसतं, आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिला सेल्फ दिवसातून एकदाच मिळतो. तो घाईत वाया घालवला की पुढची संधी दुसऱ्या दिवशी. म्हणून बरीचशी तयारी आदल्या संध्याकाळीच करायची.

गाडी नेहमीच्याच जागी, सपाटीवर लावा. टाकीत रिझर्व्हच्या वर इंधन असू द्या, नाहीतर सकाळी दोन दुखणी एकमेकांत मिसळतील. आतला दिवा, टेप, मोबाईलचा चार्जर, डॅशकॅम बंद आहेत ना ते बघा. घरात सांगून ठेवा की सकाळपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही, ‘जरा पुढे घ्यायची होती’ म्हणूनसुद्धा नाही. इंजिन किमान आठ तास गार व्हायला हवं. इंजिन ऑईलची पातळी आणि त्याचा ग्रेड संध्याकाळीच बघून घ्या. जुन्या सवयीने २०डब्ल्यू-५० भरलेलं असेल तर थंडीत ते दाट होतं आणि आधीच थकलेल्या बॅटरीवर जास्त भार टाकतं. कंपनीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच भरावा.

हाताशी काढून ठेवायचं सामान थोडंच आहे. चार-पाचशे रुपयांतला साधा मल्टिमीटर, टॉर्च, दहा नंबरचा पाना, टर्मिनल घासायला पॉलिश पेपर, वही आणि पेन. २०१३ नंतरची गाडी असेल तर मोबाईलला ब्लूटूथने जोडता येणारा ओबीडी रीडरही घ्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र. पेट्रोल गाडीत त्याचा उपयोग फार मोठा आहे, तो पुढे सांगतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी घरातलं एक माणूस मोबाईल घेऊन सायलेन्सरच्या बाजूला, जरा अंतर ठेवून उभं करायचं. पहिला सेल्फ, त्याचा आवाज आणि धूर हे तिन्ही एका व्हिडिओत आले पाहिजेत. तोंडी वर्णनात निम्मं हरवतं, आणि फिटरला हा व्हिडिओ दाखवला की त्याचं पुढचं अर्धं काम झालेलं असतं.

सकाळी बोनेट उघडा, दार लावून घ्या, आतला दिवा विझू द्या आणि सेल्फ मारण्याआधी बॅटरीवर मीटर धरा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ चालेल. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. १२ च्या खाली असेल तर आज बाकी काही तपासू नका, आधी बॅटरी चार्ज करून घ्या आणि उद्या पुन्हा सुरुवात करा. मग मीटर तसाच धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. इंजिन फिरत असताना आकडा साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. उभी असताना १२.६ आणि सेल्फ मारताच आठवर आली, तर ती बॅटरी आतून संपलेली आहे. आपल्याकडे बॅटरी खरी मरते ती एप्रिल-मेच्या उन्हात, आणि कळतं मात्र डिसेंबरात. त्यामुळे ‘दिवाळीपर्यंत तर छान चालत होती’ या वाक्याने बॅटरी निर्दोष ठरत नाही.

आकडा चांगला आहे आणि तरी इंजिन जड फिरतंय, तर अर्थिंगकडे, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनाला जोडणाऱ्या केबलकडे वळा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायचा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची केबल किंवा तिचा नट गंजलाय. या एका केबलपायी लोकांनी नवा स्टार्टर बसवलेला मी पाहिलाय, म्हणून ही तपासणी कधीच टाळू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा. काढताना निगेटिव्ह आधी काढायचं, लावताना शेवटी लावायचं.

आता मुख्य प्रश्न, आणि पहिल्या पाच सेकंदांत कान देऊन तो सोडवायचा आहे. इंजिन हळू, ओढत ओढत फिरतंय, की जोमाने फिरतंय पण पेटत नाही? हळू फिरत असेल तर दोष बॅटरी, केबल, स्टार्टर किंवा दाट ऑईलकडे. जोमाने फिरत असेल तर बॅटरी-स्टार्टरचा भाग बहुतेक ठीक आहे आणि खालचं सगळं तुमच्यासाठी आहे.

डिझेल गाडीत ठिणगी नसते. हवा सोळा-वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. गार लोखंड ही उष्णता शोषून घेतं आणि इंजिन हळू फिरत असेल तर तिला निसटायला वेळही जास्त मिळतो. ही तूट भरून काढायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल्फ मारायचा. पण पुष्कळ गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो. चारही हीटर जळालेले असले तरी तो ऐटीत लागतो आणि विझतो, म्हणून दिव्यावर विसंबू नका. एका सकाळी सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा हीटरवर फिरवून बघा. एरवी छळणारी गाडी अशाने लगेच उठली तर संशय हीटरवरच. नंतर हीटरची वायर काढून मीटर ओहमवर ठेवून प्रत्येक प्लग तपासा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो तुटलाय. चारही एकदम मेलेले वाटले तर प्लग काढण्याआधी त्यांना वीज देणारा रिले (विजेचा आपोआप चालणारा स्विच) आणि फ्यूज बघा. एखाद-दुसराच गेला असेल तर गाडी चालू होते, पण मिनीटभर मिसिंग करत (एखादा सिलिंडर न पेटता अडखळत), पांढरा धूर सोडत थरथरते आणि मग शांत होते. लक्षण इतकं ठरलेलं आहे की व्हिडिओवरूनही ओळखता येतं.

हीटरला बॅटरीतून थेट वायर लावून लाल होतो का बघायची जुनी पद्धत नव्या गाड्यांत करू नका. त्यांतले बरेच प्लग चार-सात व्होल्टचे असतात, बारा व्होल्टने क्षणात जळतात. आणि हीटर गार इंजिनावर कधीच खोलू नका. वर्षानुवर्षं बसलेला प्लग इंजिनच्या हेडमध्ये (वरच्या भागात) मोडला तर काही शेंचं काम हजारोंवर जातं. आदल्या दिवशी गंज सोडवायचं तेल सोडून ठेवावं, इंजिन गरम करावं आणि पान्याला धसमुसळेपणा न करता काढावं.

हीटर ठीक निघाले तर संशय डिझेलच्या पाईपात शिरलेल्या हवेवर. रात्रीतून डिझेल पाईपमधून मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंप हवाच ओढत बसतो. फिल्टरजवळ हातपंप असेल तर सेल्फ मारण्याआधी तो घट्ट होईपर्यंत दाबा. एवढ्यावर गाडी पटकन उठली तर कुठेतरी क्लिप ढिली आहे, पाईप तडकलाय किंवा फिल्टरचं वॉशर नीट बसलेलं नाही. फिल्टरखालचा पाण्याचा नटही त्याच वेळी सोडून बघावा. डिझेल गोठलं असेल ही शंका मात्र आपल्याकडे मनातून काढून टाका. तो प्रश्न लडाखचा आहे. तिथल्यासाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं.

पेट्रोल गाडीचं काम जरा सोपं. चावी ऑन करा, दोन सेकंद पेट्रोल पंपाचा (टाकीतल्या) बारीक आवाज ऐका, बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच उठली तर रात्रीतून लाईनमधला दाब उतरतोय. पंपाचा व्हॉल्व्ह तपासा किंवा एखादा इंजेक्टर गळतोय का बघा. त्याने फरक पडला नाही तर ओबीडी रीडर काढा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. बाहेर सात अंश, हवा आठ आणि कूलंट पन्नास दाखवत असेल तर सेन्सर बिघडलाय. कॉम्प्युटरला इंजिन गरम वाटतं आणि तो गरजेपेक्षा कमी पेट्रोल देतो. काही शे रुपयांचा हा सेन्सर कित्येकदा चेक लाईटही लावत नाही, म्हणून हे दोन आकडे स्वतःच वहीत लिहून घ्यायचे. स्पार्क प्लग आणि थ्रॉटल बॉडीची सफाई तर करावीच.

सीएनजीवाल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, आणि टाकीच्या तळाशी महिनोन् महिने तेच दोन लिटर पेट्रोल पडलेलं असतं. त्यातला चटकन उडणारा भाग निघून गेलेला असतो आणि गार इंजिनाला नेमका तोच हवा असतो. पाच लिटर ताजं पेट्रोल टाका, दोन-तीन सकाळी बघा, मगच पुढचा खर्च करा.

धुरासाठी वहीत वेगळी ओळ ठेवा. कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे डिझेल येतंय पण पेटत नाही, तेव्हा दोष हीटरमध्ये किंवा कंप्रेशनमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेच्या दाबात. सेल्फ मारताना डिझेल गाडीत धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. निळसर म्हणजे ऑईल जळतंय. गोडसर वासाची वाफ गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केटची (हेडखालच्या सीलची) शंका, आणि मग गाडी चालवू नका. त्याच पानावर तापमान, गाडी किती तास उभी होती, किती सेकंद सेल्फ मारला आणि किती वेळाने इंजिन सुरळीत झालं तेही लिहा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनीट थांबावं, नाहीतर स्टार्टर जळतो.

काही गोष्टी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. हीटर असलेल्या गाडीत हवेच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही, स्फोट होऊ शकतो. टाकीखाली किंवा चेंबरखाली (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याखाली) बोळे पेटवायचे नाहीत. नव्या पेट्रोल गाडीला धक्का मारत बसू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करतं. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करायची नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

इतकं करूनही कारण सापडलं नाही तर कंप्रेशन आणि नोझलचं (डिझेल फवारणाऱ्या तोंडाचं) काम फिटरचं. त्याच्याकडे गाडी संध्याकाळी नेऊन ठेवा, वही आणि व्हिडिओ द्या, आणि सकाळी पहिला सेल्फ त्याने स्वतः मारावा असं स्पष्ट ठरवा. काम झाल्यावर गाडी दुपारी ताब्यात घेऊ नका. आणखी एक रात्र तिथेच राहू द्या आणि पहाटे स्वतः जाऊन चावी फिरवा. चालू झाल्यावर बॅटरीवर मीटर धरून १३.८ ते १४.५ व्होल्ट येतायत, म्हणजे डायनामो चार्ज करतोय, हे बघा आणि मगच पैसे द्या.