पॉवर बीआयमध्ये वायटीडी चुकतंय? आधी व्हेरिएबल तपासा

समजा, पॉवर बीआय या अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिलची विक्री १० लाख, मेची १२, जूनची ९ भरली आहे. वायटीडीच्या, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या एकूण विक्रीच्या, रकान्यात १०, २२, ३१ यायला हवं. पण मॅट्रिक्समध्ये (अहवालातल्या तक्त्यात) दिसतं १०, १२, ९, म्हणजे ज्या त्या महिन्याचीच विक्री. एररही येत नाही. अशा वेळी बहुतेक जण डेट टेबलच्या, म्हणजे तारखांच्या यादीच्या, मागे लागतात. माझं म्हणणं, आधी मेझर, म्हणजे हा आकडा काढणारं सूत्र, उघडा.

पहिल्या ओळीत ‘व्हार’ (VAR) लिहून विक्रीची बेरीज व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या किंमतीत, ठेवली आहे का? आणि खाली तेच व्हेरिएबल कॅल्क्युलेट (CALCULATE) किंवा टोटल-वायटीडी (TOTALYTD) या फंक्शनला दिलंय का? असेल, तर चूक तिथेच आहे. डॅक्स या पॉवर बीआयच्या सूत्रभाषेत व्हेरिएबलची किंमत ते जिथे लिहिलं तिथल्या फिल्टरनुसार (उदा. त्या ओळीतल्या महिन्यानुसार) ठरते आणि मग बदलत नाही. मेच्या ओळीत ते १२ लाख ठरलं, की पुढे कॅल्क्युलेटने फिल्टर कितीही बदलला तरी १२ लाखच राहतं. नाव व्हेरिएबल असलं तरी वागणूक स्थिर आकड्याची.

दुरुस्ती सोपी आहे. एकूण विक्रीचं वेगळं मेझर करा आणि कॅल्क्युलेटमध्ये व्हेरिएबलऐवजी ते मेझर घाला. मेझर नव्या फिल्टरमध्ये पुन्हा मोजलं जातं. पण म्हणून व्हेरिएबल वापरणंच सोडू नका. डेट्स-वायटीडी (DATESYTD) या फंक्शनने मिळणारा वर्षाच्या सुरुवातीपासूनचा कालावधी त्यात बिनधास्त ठेवा आणि कॅल्क्युलेटला फिल्टर म्हणून द्या. तारखा व्हेरिएबलमध्ये, रक्कम मेझरमध्ये, अशी विभागणी ठेवा.

तरीही आकडा पटत नसेल, तर मेझरच्या शेवटी रिटर्न (RETURN) या शब्दापुढे अंतिम उत्तराऐवजी एकेक व्हेरिएबल लिहून पाहा. तारखांचं व्हेरिएबल हे टेबल असतं, ते थेट परत दिलं तर एरर येते. त्याला काउंट-रोज (COUNTROWS), म्हणजे ओळी मोजणारं फंक्शन, लावा. आर्थिक वर्ष धरलं असेल तर एप्रिलच्या ओळीत ३०, मेला ६१, जूनला ९१ दिवस दिसले पाहिजेत. एप्रिललाच १२० (लीप वर्षात १२१) दिसले, तर मोजणी जानेवारीपासून होतेय. काहीच सांगितलं नाही तर पॉवर बीआय वर्षाचा शेवट ३१ डिसेंबरच धरतं. आपल्याकडच्या हिशोबासाठी डेट्स-वायटीडीला दुसरी बाब म्हणून दुहेरी अवतरणचिन्हात, इंग्रजी आकड्यांत 31-3 असं द्यावं लागतं.

दिवस मधेच कमी भरत असतील तर मात्र डेट टेबलकडे वळा. त्यात वर्षाचे सगळे दिवस सलग हवेत, रविवार आणि सुट्ट्यांसकट. ते डेट टेबल म्हणून मार्क केलेलं हवं, आणि सूत्रात विक्रीच्या टेबलमधली नव्हे, याच टेबलमधली तारीख हवी.

आणखी एक तक्रार नेहमी येते: जूनपर्यंतचीच विक्री भरलेली असताना जुलै ते मार्च प्रत्येक ओळीत ३१ लाख दिसतात. इथे व्हेरिएबलचं न बदलणंच कामी येतं. विक्रीची शेवटची तारीख सगळे फिल्टर काढून एका व्हेरिएबलमध्ये घ्या, ओळीतली पहिली तारीख दुसऱ्यात. पहिली तारीख त्या शेवटच्या तारखेनंतरची असेल तर ब्लँक परत द्या, नाहीतर वायटीडी.