चकचकीत धातूचं तापमान मोजताना

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर रोखलात, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. लख्ख अ‍ॅल्युमिनियम आदर्श काळ्या, म्हणजे सर्वाधिक उष्णताकिरणं सोडणाऱ्या, पृष्ठभागाच्या जेमतेम 5 टक्के उष्णताकिरणं सोडतं. बाकी येतं ते समोरच्या भिंतीचं, तुमच्या अंगाचं परावर्तन. म्हणून उकळत्या पाण्याचं भांडंही कोमट भासतं. तिथे इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी बुडबुडा न ठेवता दाबून लावा, मिनिटभर थांबा, थर्मामीटरवर उत्सर्जकता (आदर्श काळ्याच्या तुलनेत पृष्ठभाग किती किरणं सोडतो तो आकडा) 0.95 ठेवून जवळून फक्त पट्टीवर मोजा. फार तापणाऱ्या भागाला उष्णता सोसणाऱ्या रंगाचा ठिपका द्या. रंग काळाच हवा असं मुळीच नाही. साधा पांढरा ऑइलपेंटही या किरणांसाठी जवळपास काळाच! चंदेरी मात्र टाळा, त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड असते. काचेआडून मोजलंत तर तापमान काचेचंच मिळेल.