उन्हाळ्याच्या सुरुवातीस रोपवाटिकेतील पक्षी, कीटक व इतर जीव कसे सांभाळावेत

बाहेरची माती कोरडी पडू लागते आणि गवत वाळते, त्याच दिवसांत रोपवाटिकेत मात्र रोज पाणी दिले जाते, जाळीची सावली असते आणि रोपांना कोवळी पालवी फुटलेली असते. त्यामुळे आसपासचे पक्षी, मधमाश्या, बेडूक, सरडे आणि त्यांच्या मागावर असलेले साप तेथे आश्रयाला येतात, तसेच मावा, लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण या रोपांचा रस शोषणाऱ्या किडीही तेथेच वाढीस लागतात. या सर्वांना सरसकट हुसकावून लावणे शक्य नाही आणि हिताचेही नाही, कारण रोपे खाणाऱ्या किडींना खाणारे जीवही याच गर्दीत असतात. म्हणून कोणतेही रोप फवारण्यापूर्वी, छाटण्यापूर्वी किंवा जागचे हलवण्यापूर्वी ते नीट पाहून घेण्याची सवय घरातील प्रत्येकाने लावून घ्यावी.

ही पाहणी सकाळच्या पाण्याबरोबर करणे सर्वांत सोयीचे ठरते. ऊन चढण्यापूर्वी पाणी द्यावे आणि दुपारी पुन्हा नळी हाती घ्यावी लागली तर तिच्यात साठून तापलेले पाणी आधी बाजूला सोडून द्यावे, कारण त्या पाण्याने कोवळी मुळे भाजतात आणि मातीतील गांडुळेही मरतात. पाणी देताना प्रत्येक रांगेतील दोन-तीन रोपांची पाने उलटून पाहावीत. पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे विरळ धागे दिसले तर एका पांढऱ्या कागदावर ते पान झटकावे. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते लाल कोळी समजावेत. कोरड्या उष्ण हवेत त्यांची संख्या फार वेगाने वाढते, परंतु सुरुवातीलाच पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा काही दिवस सकाळी मारला तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. अनेक किडींवर एकदम चालणारे तीव्र कीटकनाशक येथे उलटे काम करते, कारण लाल कोळ्यांना खाणारे परभक्षी कोळी त्याने आधी मरतात आणि लाल कोळ्यांना मोकळे रान मिळते.

माव्याच्या बाबतीत अधिक संयम हवा. मादी नराशिवायच थेट पिलांना जन्म देते, त्यामुळे शेंड्यावर चार-पाच दिसणारा मावा आठवडाभरात संपूर्ण कोंब झाकून टाकतो, आणि ते पाहून फवारणीचा पंप उचलण्याचा मोह कोणालाही होईल. त्याआधी त्या कोंबाकडे अगदी जवळून पाहावे. माव्याच्या गर्दीत मगरीच्या आकाराची, करड्या-काळ्या रंगाची आणि अंगावर नारिंगी ठिपके असलेली लहानशी अळी फिरताना दिसली तर ती ढालकिड्याची अळी असते. तिचे रूप तिच्या लाल, गोल पालकांशी जराही जुळत नसल्यामुळे लोक तिला नवीन कीड समजून चिरडतात, वस्तुतः मोठी होईपर्यंत ती शेकडो मावा फस्त करते. पानावर केसासारख्या बारीक देठांच्या टोकांशी टेकलेली पांढुरकी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या मावा खाणाऱ्या कीटकाची असतात आणि तीही जपावीत. पिठ्या ढेकणांच्या बाबतीत फसगत होण्याची शक्यता आणखी जास्त असते, कारण त्यांना खाणाऱ्या क्रिप्टोलिमस या मूळच्या ऑस्ट्रेलियातील भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगावरही तसेच पांढरे मेणचट धागे असतात. फरक एवढाच, की ती ढेकणांपेक्षा मोठी असून भराभर चालते.

असे मित्रकीटक आढळलेल्या रोपावर फवारणी करू नये, फक्त मुंग्यांची ये-जा तोडावी. मावा आणि पिठ्या ढेकूण यांनी सोडलेल्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांना पिटाळून लावतात. कुंड्या मांडणीवर असतील तर तिच्या पायांना चिकट पट्टी गुंडाळावी आणि रोपांची पाने भिंतीला टेकणार नाहीत असे पाहावे. इतके करूनही कीड आवरत नसेल तर ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा, तोही मधमाश्या परतल्यानंतर, सायंकाळी आणि केवळ त्याच रोपांवर.

सर्वच कुरतडलेली पाने चिंतेची नसतात. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे सुबक गोल तुकडे गेलेले असतील तर ते पानकापी मधमाशीचे काम असते. ती ते तुकडे घरट्याला अस्तर म्हणून नेते, आणि अशा रोपाला कोणत्याही उपचाराची गरज नसते. लिंबू व कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबू फुलपाखराची असते. पुढे ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून लालसर-नारिंगी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. वीतभर उंचीच्या रोपावर अशा दोन-तीन अळ्या असल्या तर ते रोप उघडेबोडके होते, म्हणून कोपऱ्यात लिंबाचे एखादे मोठे झाड केवळ त्यांच्यासाठी राखावे आणि विक्रीच्या रोपांवरील अळ्या पानासह अलगद तेथे हलवाव्यात. एवढी जागा देणे कोणत्याही रोपवाटिकेला परवडते असे माझे मत आहे.

पाण्याच्या शोधात मधमाश्या नळाच्या तोंडाशी गर्दी करतात आणि तेथे हाताखाली येऊन चावतात. नळापासून दूर, सावलीत उथळ ताटली ठेवून तिच्यात खडे घालावेत, म्हणजे त्यांना न बुडता पाणी पिता येते आणि लहान पक्ष्यांचीही सोय होते. हे पाणी रोज बदलावे. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा तरी पूर्ण कोरड्या कराव्यात, कारण उष्ण हवेत डासांची अंडी ते पूर्ण वाढ हा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो.

बुलबुल कुंडीतल्या दाट रोपात वाटीसारखे घरटे बांधतो, तर शिंपी पक्षी रुंद पानांच्या कडांना भोके पाडून त्यांत कापसाचे किंवा कोळिष्टकाचे धागे ओवतो आणि त्या पानांच्या द्रोणात अंडी घालतो. घरटे असलेली कुंडी जागची हलवू नये, कारण आईबाप घरटे सोडून जाण्याचा धोका असतो. एकाच कुटुंबात पाणी देणारा एक, छाटणी करणारा दुसरा आणि विक्री पाहणारा तिसरा असल्यामुळे अशा कुंडीला ठळक रंगाची फीत बांधून तिचा अर्थ सर्वांना सांगून ठेवावा. ती कुंडी साधारण महिनाभर विक्रीतून बाजूला ठेवावी आणि पाणी झारीने, बुंध्याशी, हलक्या धारेने द्यावे.

सापांविषयीची काळजी मुख्यतः आवराआवरीची आहे. बियाणे उघडे राहिले की उंदीर येतात आणि उंदरांमागून साप येतात, म्हणून बियाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि रिकाम्या पिशव्या व फुटक्या कुंड्यांचे ढीग भिंतीलगत साठू देऊ नयेत. पायात बंद बूट असावेत. जमिनीवरची कुंडी उचलताना ती आपल्याकडे कलवावी, म्हणजे तिच्याखालची फट पलीकडच्या बाजूला उघडते. साप दिसल्यास मुलांना दूर नेऊन सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर आवळपट्टी बांधण्यात किंवा जखम कापण्यात वेळ न दवडता रुग्णाला हालचाल न करू देता रुग्णालयात न्यावे. चकचकीत अंगाची सापसुरळी मात्र विषारी नसते, ती दिवसभर कीटकच टिपत असते, तिला मारू नये.

शेडनेटच्या जमिनीवर लोळणाऱ्या सैल कडांत साप, सरडे आणि पक्षी अडकून उन्हाने मरतात. त्या कडा ताणून दांड्याला बांधाव्यात, उरलेली जाळी गुंडाळून वर टांगावी आणि सकाळच्या पाहणीत याही कडांवरून एकदा नजर फिरवावी.