व्हिनीअर बसवलीत? मग धागा कात्रीनंच तोडा

माझं काम ब्लाउज शिवायचं. दोन वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडले आणि वरच्या समोरच्या दोन दातांचे कोपरे उडाले. डॉक्टरांनी दोन्हींवर पोर्सेलिनची व्हिनीअर, म्हणजे दाताला समोरून झाकणारी दातासारखी दिसणारी कवचं, चिकटवली. नखाएवढी पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. घरी येऊन आरशात पाहिलं आणि वाटलं, झालं, आता बघायला नको.

सात महिन्यांनी एका ब्लाउजचा शेवटचा हूक लावला आणि सवयीनं धागा दातानं तोडला. कट्‌ असा बारीक आवाज. जिभेला कडेशी खरखर लागली. बाजरीच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. डॉक्टरांनी बघितलं आणि मी काही सांगायच्या आतच विचारलं, "काकू, शिवणकाम करता का?" शिवणकाम करणाऱ्यांच्या समोरच्या दातांना बारीक खाच पडलेली असते म्हणे. मला शिवण शिकवणाऱ्या बाईंच्या दाताला होती, तेव्हा वाटायचं जन्मजातच असेल. टवका लहान होता म्हणून नुसतं घासून गुळगुळीत करता आलं.

तेव्हापासून कटर सुतळीनं मशीनलाच बांधून ठेवलाय. पेनाचं टोपण, दुधाच्या पिशवीचा कोपरा, अक्रोड, बर्फ यांनाही समोरचे दात लावत नाही. पेरू, कणीस, ऊस सोडलेलं नाही. पेरूच्या फोडी करते, कणसाचे दाणे सोलते, उसाचे करवे बाजूच्या दाढेनं चावते.

आता साफसफाई. कापड चांगलं असलं तरी उसवते ती शिवण, तसंच इथं. पोर्सेलिनला चहा-हळदीचे डाग सहसा पडत नाहीत आणि ते किडतही नाही. पण हिरडीपाशी जिथं व्हिनीअर संपतं आणि आपला दात सुरू होतो, तो सांधा काळवंडतो. तिथं घाण साचली की मागचा खरा दात किडतो. म्हणून ब्रश मऊ घ्यायचा, हिरडीकडे तिरका धरायचा आणि हलक्या हातानं बारीक गोल फिरवायचा. सकाळी दोन मिनिटं, रात्री दोन मिनिटं. पेस्ट साधी फ्लोराइडची. कोळशाची पेस्ट, खायचा सोडा, मीठ, दंतमंजन, मशेरी, काहीही खरखरीत नको. त्यानं चकाकी जाते आणि गेलेली चकाकी घरी परत आणता येत नाही. दात पांढरे करायच्या औषधानं व्हिनीअर पांढरं होत नाही, बाजूचे दात तेवढे उजळतात आणि रंग जुळेनासा होतो.

फ्लॉस मला लगेच जमला, शेवटी धागाच तो. खटकन खाली ओढायचा नाही. करवतीसारखा हळू मागेपुढे करत दोन दातांमध्ये उतरवायचा, दाताला कवटाळून वरखाली घासायचा आणि काढताना एक टोक सोडून बाजूनं ओढून घ्यायचा.

कॉम्पोझिटचं, म्हणजे दातात भरतात त्या दातरंगी मसाल्याचं व्हिनीअर स्वस्त पडतं, पण त्यावर चहा, हळद, तंबाखू यांचे डाग धरतात. ते बसवलेल्यांनी चहानंतर चूळ भरायलाच हवी. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस वापरा, जास्त दिवस वापरला तर तपकिरी डाग पडतात.

सहा महिन्यांनी दात साफ करायला जाल तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच सांगा, या दातांवर व्हिनीअर आहेत. मशीनचं टोक त्या कडेवर चालवायचं नसतं आणि आम्लयुक्त फ्लोराइड जेलनं पोर्सेलिन मंद पडतं. झोपेत दात खात असाल तर तेही सांगा, रात्री घालायचा गार्ड करून मिळतो. माझे यजमान म्हणतात मी खात नाही, पण ते माझ्याआधी झोपतात.

व्हिनीअर निघून हातात आलं तर डबीत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. अख्खं असेल तर बऱ्याचदा तेच परत चिकटवता येतं. घरातला फेव्हिक्विक मात्र लावू नका.

टाचण्या अजून ओठांत धरते, ती सवय सुटलेली नाही.