जोरकस धक्क्याच्या रायफलीसाठी स्कोप कसा निवडावा

आमच्या सिंधुदुर्गात जुन्या घरांतल्या कुलपाच्या कपाटात अजून एखादी आजोबांची .३१५ रायफल असते, आणि घराणं संस्थानी असेल तर क्वचित .३७५ मॅग्नमही. परवाना वारसाने नावावर झाला की मुलांचा प्रश्न ठरलेला, “काका, हिच्यावर स्कोप कुठला बसवू?” मोबाइलवर चित्र दाखवतात ते मात्र हातभर लांबीच्या, २४ पट मोठं दाखवणाऱ्या स्कोपचं, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचं.

आधी कायद्याचं सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे. रानडुकराने भात लोळवलं तरी वनखात्याची रीतसर परवानगी असल्याशिवाय बार काढायचा नाही. त्यामुळे हे लिहितोय ते रेंजवर नेम धरणाऱ्यांसाठी, आणि दक्षिण आफ्रिका-नामिबियात परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या आपल्या गाववाल्यांसाठी.

आता पहिली पायरी: बंदूक लाथ किती मारते ते बघा. चारेक किलोच्या .३०-०६ रायफलीचा धक्का साधारण २७ ज्यूल भरतो, .३७५ हॉलंड मॅग्नमचा ५०च्या आसपास, आणि .४५८चा ८०च्या घरात. खांद्याचं सोडा, तो सोसतो. प्रश्न भुवईचा आहे. स्कोपची मागची कडा डोळ्याजवळ असेल, तर बार निघताच ती येऊन कपाळावर आपटते आणि भुवईवर अशी चंद्रकोर उमटते की लग्नात फोटोवाला विचारतो. माझीही आहे. तरुणपणी एका मित्राची बंदूक चढावर आडवं पडून उडवली होती, टाके पडले. आडवं पडलं किंवा वर नेम धरला की डोकं आपसूक पुढे सरकतं, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माहितीपत्रकात सर्वांत आधी ‘आय रिलीफ’ शोधा, म्हणजे पूर्ण चित्र दिसत असताना डोळा आणि मागचं भिंग यांच्यात राहणारं अंतर. .३०-०६ला ९ सेंटिमीटर चालेल. .३७५ आणि त्यापुढे १० सेंटिमीटरच्या खाली जाऊच नका. काही स्कोपमध्ये पट वाढवले की हे अंतर घटतं, तेव्हा सर्वांत मोठ्या पटीवरचा आकडा विचारा. दुकानदार पटीचंच कौतुक करील, करू दे.

पट किती? १ ते ४ किंवा १.५ ते ५ भरपूर झाले. या बंदुका मोठ्या जनावरासाठी, जवळच्या अंतरासाठी घडवलेल्या. १ पटीवर १०० मीटरवरचा साधारण ३० मीटर रुंदीचा पट्टा एकदम दिसतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट केलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते: २४ मिलिमीटर भागिले ४, म्हणजे ६. साठीच्या माणसाची बाहुली अंधारातही सहसा एवढी उघडत नाही, मग ५६ मिलिमीटरचं भिंग कशाला? मोठं भिंग म्हणजे वजन. बंदूक मागे जाते तेव्हा स्कोपला जागेवरच राहायचं असतं. तो जितका जड तितका त्याला धरणाऱ्या रिंगांवर ताण, आणि शेवटी तो पुढे घसरतो. ४०० ग्रॅमच्या आसपासचा बघा. आतली नेमाची फुली जाड, साधी.

हवेच्या, छऱ्याच्या बंदुकीचा स्कोप काढून हिच्यावर लावू नका आणि हिचा तिच्यावरही नको. स्प्रिंगची छऱ्याची बंदूक मागे आणि पुढे असे दोन्हीकडून झटके देते. त्यासाठी न बनवलेले महागडे स्कोपही त्यात आतून सुटतात.

बेस (बंदुकीवर बसणारी, रिंगा धरणारी पट्टी) आणि रिंगांत पैसे वाचवू नका, पोलादी घ्या. .३१५ची घडण ली-एनफील्डच्या जातीची. तिला बहुधा बेससाठी भोकं नसतात, आणि ती पाडणं हे परवानाधारक बंदूक-कारागिराचं काम, गावातल्या लेथवाल्याचं नव्हे. रिंगांचे स्क्रू टॉर्कच्या पान्याने साधारण २ न्यूटन-मीटर, किंवा बनवणाऱ्याने दिलं असेल तेवढेच आवळा.

स्कोपची जागा अशी ठरवा. बंदूक रिकामी असल्याचं स्वतः दोनदा पाहा. डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. चित्र कडेपर्यंत उजळ दिसलं तर बरोबर. कडेला काळी सावली आली तर स्कोप मागेपुढे सरकवा. हे उभं राहून आणि आडवं पडून, दोन्ही करा. जुने दस्ते नळीवरच्या माशीच्या, म्हणजे बिनस्कोपच्या नेमासाठी खाली उतरलेले असतात. गाल टेकतच नसेल तर वर चामड्याची गादी बांधा.

रिंग आणि स्कोपचं नळकांडं यांवर नेलपॉलिशची एक रेघ ओढून पाच बार काढा. रेघ तुटली असेल तर स्कोप सरकलाय. रेघ शाबूत असून गोळ्या भरकटत असतील, तर दोष आतल्या भिंगांचा असू शकतो. पावती जपून ठेवा.

उरला आपला पाऊस आणि खारा वारा. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला, पाण्यात बुडवला तरी चालेल असं लेखी दिलेला स्कोपच घ्या. आणल्यावर कोमट पाण्याच्या बादलीत टोप्या घट्ट लावून धरा. बुडबुड्यांची माळ सुटली तर परत करा. फुली उजळवणारा सेल असेल तर जूनमध्ये काढून ठेवा. चामड्याच्या पेटीत ठेवू नका, तिथे बुरशी आधी चामड्यावर धरते, मग भिंगावर. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल बरं. गणपतीच्या सुमारास पुढच्या भिंगातून टॉर्च मारून मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर पुसू नका, ते आत आहेत. तो तसाच दुरुस्तीला धाडा.